दोन राज्यांच्या उद्योगमंत्र्यांना, बेळगावच्या उद्यमबागेतून

प्रति,
मा. उद्योगमंत्री, कर्नाटक शासन, बेंगळूर
मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र शासन, मुंबई

सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या अंतराने दोन सल्लागार माझ्या वर्कशॉपवर येऊन गेले. पहिला म्हणाला, मशीनं उचला आणि सरहद्दीपलीकडे शिनोळीला चला, महाराष्ट्राच्या प्रोत्साहन योजनेत बसवून देतो. दुसरा म्हणाला, हुक्केरी तालुक्यात कणगल्याला जागा बघा, कर्नाटकाच्या नव्या धोरणात भांडवली अनुदान आहे, कोल्हापूरची माणसंही चौकशी करतायत. दोघेही भले, आपापल्या कामात तरबेज. बॅगेत छापील पत्रकं, अनुदानाचे तक्ते, कर्जाचा हिशोब. मी दोघांनाही एकच विचारलं, "आहे तिथेच राहून काम सुधारायचं म्हटलं तर मला काय मिळेल?" दोघेही जरा घुटमळले. पहिला म्हणाला, "काका, योजना नव्या युनिटला असते, नाहीतर मोठ्या विस्ताराला." दुसऱ्याचं उत्तर जवळजवळ तेच होतं.

तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम, करतो. फौंड्रीतून, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातून, आलेली कास्टिंगं (ओतीव भाग) मशीनिंग करून द्यायची, एवढाच धंदा. संगणकावर चालणारी पाच यंत्रं (तीन व्हीएमसी, दोन सीएनसी लेथ), चौदा माणसं. वडील मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे, होते. वाळूत हात घालून त्यांनी आयुष्य काढलं, नखांतली काळी रेघ शेवटपर्यंत गेली नाही. माझ्या चौदा जणांत पाच चंदगड तालुक्यातले. रोज सकाळी सरहद्द ओलांडून कामाला येतात आणि संध्याकाळी ओलांडून घरी जातात. चंदगडच्या माणसाला कोल्हापूर दूर पडतं. त्याचा दवाखाना, बाजार, लग्नाचा बस्ता, सगळं बेळगावात.

पत्र मराठीत लिहितोय, कर्नाटकाच्या मंत्रिमहोदयांना त्यात वावगं वाटू नये. शॉपमध्ये मी दिवसभर कन्नड बोलतो, ट्रकवाल्यांशी हिंदी, गिऱ्हाइकाच्या मेलला इंग्रजीत उत्तर देतो. पण मनातलं नीट मांडायचं तर मला आईचीच भाषा लागते. सीमाप्रश्नावर हे पत्र नाही. 2004 पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्याबद्दल माझ्या घरात काय बोललं जातं ते आपल्याला न सांगताही ठाऊक असेल. निकाल लागायचा तेव्हा लागो. तोवर माझं कास्टिंग रोज सरहद्द ओलांडतं, ते कसं आणि का, एवढंच सांगायचंय.

एक व्हॉल्व्ह बॉडी घ्या. हायड्रॉलिकचा भाग, तळहातावर कसाबसा मावेल एवढा. त्यासाठीचं पिग आयर्न, म्हणजे कच्चं लोखंड, येतं कोप्पळ-होस्पेटकडून, नाहीतर चोर्ल्याचा घाट चढून गोव्यातून. पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, करणारा बेळगावचा. आतली पोकळी धरणारा वाळूचा कोअर एकाकडे, ओतकाम दुसऱ्याकडे, फेटलिंग, म्हणजे कडा घासून साफ करणं, तिसऱ्याकडे. उद्यमबाग, मच्छे किंवा होनग्याला बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतलं जातं. माझ्याकडे बोअरिंग-ड्रिलिंग होतं. मोठी ऑर्डर असली की अर्धा लॉट शिनोळीला एका मित्राच्या शॉपमध्ये जातो, कधी कोल्हापूरला गोकुळ शिरगावात. पुढे पॅकिंग होऊन पेटी महामार्गाने न्हावा शेव्याच्या बंदराला लागते. ज्या देशात ती उतरते तिथल्या इन्स्पेक्टरला एकच ठाऊक असतं, बोअरचा, म्हणजे आतल्या छिद्राचा, व्यास टॉलरन्समध्ये, ठरलेल्या फरकाच्या आत, बसला की नाही. वाटेत राज्य किती वेळा बदललं, हे तो कशाला विचारेल?

म्हणजे जग आमच्याकडून माल घेतं तेव्हा कोल्हापूर-बेळगाव हा त्याच्या लेखी एकच पट्टा असतो. मधे निपाणी, कागल, चंदगड, हुक्केरी. आपल्या दोघांच्या धोरणांत मात्र या पट्ट्याच्या मधोमध कात्री चालते. आणि जागतिकीकरणानंतर ही कात्री बोथट व्हायच्या ऐवजी धारदारच झाली.

हे कसं झालं ते आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. 1991 च्या जुलैपर्यंत कारखाना कुठे निघणार, किती माल काढणार, हे दिल्लीचं लायसन्स ठरवायचं. पोलादाची वाहतूक सरकार सगळीकडे सारख्या भावात पाडून द्यायचं. लायसन्स गेलं, वाहतुकीचा सारखा भाव गेला, बाहेरचं भांडवल यायला लागलं. मग त्या भांडवलापुढे उभं राहायचं काम राज्यांवर आलं. कोण जमीन स्वस्त देतो, कोण विजेत सूट देतो, कोण विक्रीकर माफ करतो. नव्वदच्या दशकात राज्यांनी करमाफीत एकमेकांवर एवढी कुरघोडी केली की शेवटी सगळ्यांनी बसून ती आवरायचं ठरवलं. जीएसटी आल्यावर सवलतीचं रूप बदललं, पण चढाओढ राहिलीच. आता परतावा असतो, भांडवली अनुदान असतं, उलाढालीवर प्रोत्साहन असतं.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती आमच्यासारख्यांच्या मुळावर येते. राज्याच्या जीएसटीतून परतावा द्यायचा तर तो कर आधी त्या राज्याच्या तिजोरीत पडायला हवा. निर्यातीच्या मालावर कर शून्य. दुसऱ्या राज्यात विकलेल्या मालाचा कर त्या दुसऱ्या राज्याला. माझा माल एक तर परदेशी जातो, नाहीतर पुण्याला. मग जीएसटीवर बेतलेली सवलत कागदावर कितीही घसघशीत दिसली तरी माझ्या हातात काय उरतं? जो माणूस जगाशी थेट व्यवहार करतो त्यालाच अशी योजना बाहेर ठेवते. हे मुद्दाम कुणी केलं असं मी म्हणत नाही. जॉबवर्कवाला योजना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नव्हता, एवढंच.

डोळ्यांपुढे कोण असतो ते वर्तमानपत्रात दिसतं. 2025 च्या जानेवारीत महाराष्ट्राने दावोसला 15 लाख कोटींहून अधिक रकमेचे करार केले. पुढच्याच महिन्यात बेंगळूरच्या गुंतवणूकदार परिषदेत 10.27 लाख कोटींची आश्वासनं मिळाली, आणि कर्नाटकाने 2025-30 चं औद्योगिक धोरण जाहीर करून 20 लाख रोजगारांचं उद्दिष्ट ठेवलं. यश मिळो, मनापासून म्हणतो. पण 2022 चा सप्टेंबर आठवा. वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प महाराष्ट्राच्या हातून गुजरातला गेला म्हणून केवढा गदारोळ झाला होता! पुढच्या जुलैत फॉक्सकॉननेच त्यातून अंग काढून घेतलं. ज्या प्रकल्पासाठी दोन राज्यांत ओढाताण झाली, तो ठरल्या रूपात कुठेच उभा राहिला नाही. त्या वर्षभरात सीमाभागातल्या किती फौंड्र्यांचा निकामी वाळू टाकायचा प्रश्न सुटला असता, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मोठ्या प्रकल्पांना माझा विरोध नाही. हत्तरगीजवळ महामार्गालगत 2009 पासून 250 एकरांचं विशेष आर्थिक क्षेत्र आहे. तिथे विमानाचे सुटे भाग बनतात आणि एअरबससारख्या कंपन्यांना जातात. आमच्या भागातली पोरं तिथे लागली, विमानाच्या भागाला मायक्रॉनमध्ये मोजायला शिकली. त्यातला एक पोरगा आज माझ्याकडे क्वालिटी बघतो, आणि त्याच्यामुळे माझं रिजेक्शन कमी झालंय. हे चांगलंच झालं. पण त्या कुंपणापासून माझं शॉप गाडीने तासाभरापेक्षाही कमी अंतरावर असताना, तिथलं एखादं साधं काम मला मिळायला कोणत्या पायऱ्या चढाव्या लागतील, हे सांगणारं सरकारी माणूस मला आजवर भेटलं नाही. विमानाच्या कामाला वेगळं क्वालिटी प्रमाणपत्र लागतं. त्याचा खर्च आहे, कागद ठेवायची शिस्त आहे, ऑडिट आहे. चौदा माणसांचं शॉप ते एकट्याने पेलत नाही. दहा शॉपनी मिळून पेलायचं तर त्यांना बांधणारं कुणीतरी हवं. मोठा कारखाना आणला आणि भोवतीच्या लहानांना त्याच्या दारापर्यंत नेलं नाही, तर तो या मातीत बेटासारखाच राहील.

बेळगावला हा धडा फार जुना आहे. 1888 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथे सायकलीचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. शेतकरी सुरुवातीला त्या नांगराला हात लावेनात, लोखंडाने जमीन नासेल म्हणायचे. धंदा जरा कुठे उभा राहतोय तोच नगरपालिकेने जागा सोडायला लावली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळचा माळ दिला, वर दहा हजार रुपये बिनव्याजी दिले, आणि 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. आज बेळगावात किर्लोस्कर रोड आहे, कारखाना नाही. औंधच्या राजाने काय पाहिलं? कोटींचा आकडा त्याच्यापुढे नव्हता. हाताला काम येणारा एक माणूस अडलाय, हे त्याला दिसलं. आणि बेळगावच्या पालिकेला आपल्या दारात काय उभं आहे ते दिसलं नाही. मी सकाळी त्या रस्त्याने जातो तेव्हा दर वेळी नाही, पण बऱ्याचदा हे मनात येतं.

आता एक गोष्ट, जी आपण दोघांनी मिळून केलीत आणि जिच्यामुळे मला हे पत्र लिहायचं बळ आलं.

माझ्या एका टर्नरचं, म्हणजे लेथवर काम करणाऱ्याचं, गाव अथणी तालुक्यात आहे. घरात पिढ्यान् पिढ्या चपलांचं काम. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीच्या लग्नाला मी गेलो होतो. लग्नघर असूनही त्याची आई ओट्यावर बसून वेणी घालत होती, व्यापाऱ्याला माल द्यायचा होता म्हणून. कातड्याच्या दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, दुसरीकडे दोन्ही हातांची बोटं. बोलता बोलता विणत होती, खाली बघतही नव्हती. बाजूला रापी, आरी, पाण्यात भिजत घातलेलं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं. त्याचा एक उग्र वास असतो, चप्पल नवी असेपर्यंत जात नाही. मी विचारलं, हे जातं कुठं? म्हणाली, "कोल्हापुरास्नं माणूस येतो, नेतो. फुडचं काय ठावं न्हाई." कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत जी जोडी गिऱ्हाईक 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून पायात घालून बघतं, तिची वेणी कर्नाटकातल्या ओट्यावर घातलेली असू शकते. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला हे ठाऊक आहे, अथणीच्या कारागिराला ठाऊक आहे. कागदाला 2019 पर्यंत ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आठ जिल्ह्यांचं मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर महाराष्ट्रातले; बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजयपूर कर्नाटकातले. महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर, दोन्ही चर्मोद्योगाची सरकारी महामंडळं त्याची मालक. नाव कोल्हापूरचं ठेवायला कर्नाटकाने हरकत घेतली नाही. आपल्या नावात चार कानडी जिल्हे घ्यायला महाराष्ट्रानेही हरकत घेतली नाही. सीमाभागात राहणाऱ्याला विचारा, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

आणि तिचं फळही दिसलं. 2025 च्या जूनमध्ये मिलानला प्राडाने तशाच बांधणीची चप्पल दाखवली, कोल्हापुरीचं नाव न घेता. इकडे लोक खवळले. कंपनीला मूळ मान्य करावं लागलं, माणसं कोल्हापूरला येऊन गेली, आणि डिसेंबरमध्ये लिडकॉम व लिडकर या दोघांशी मिळून करार झाला. सुमारे 2000 जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, जोडीची किंमत 800 युरोंच्या आसपास. त्यातलं टर्नरच्या आईच्या पदरात किती पडेल, हा प्रश्न आहेच, आणि तो आपण विचारत राहिलं पाहिजे. कातडं मिळायची अडचणही आहे. गोवंशाचे कायदे दोन्ही राज्यांत कडक झाल्यापासून कारागीर तिच्याबद्दल बोलतायत. पण विचार करा, मानांकन एकट्या महाराष्ट्राचं असतं आणि कर्नाटक त्याविरुद्ध कोर्टात गेलं असतं, तर मिलानवाल्यांपुढे बोलायला कोण उभं राहिलं असतं? आपण दोघं एका बाजूला बसलात म्हणून समोरच्याला ऐकावं लागलं.

चपलेला जमलं ते बिडाला का जमू नये?

बिडापुढचं संकट मोठं आहे, म्हणून घाई करतोय. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांपर्यंत नेलं. माझ्या एका गिऱ्हाइकाने त्याच आठवड्यात पुढचं शेड्यूल थांबवलं. चाळीस पेट्या शॉपच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहिल्या, त्यावर रोज गंजरोधक तेल बघायचं. दिल्ली त्याचं बघेल, ते आपल्या हातात नाही हे मला कळतं. पण युरोपचं बघा. तिथे सीमेवरचा कार्बन कर 1 जानेवारी 2026 पासून पूर्णपणे लागू झाला. लोखंड आणि पोलाद त्यात आहे. आमचं प्रत्येक कास्टिंग आज त्या यादीत नसेल, तरी गिऱ्हाईक आतापासूनच विचारतं: एक किलो बीड ओतायला वीज किती लागली, ती कोळशाची की सौर, भंगार किती टक्के? फॉर्म येतो वीस पानांचा. मी फौंड्रीवाल्याला पाठवतो, तो मला फोन करून विचारतो, "यात लिहायचं काय?" त्याच्याकडे भट्टीला स्वतंत्र मीटर नाही. मला तरी कुठे ठाऊक आहे! आकडा नाही दिला तर ऑर्डर दुसऱ्या देशात जाईल. चुकीचा दिला तर पुढे ऑडिटमध्ये पकडले जाऊ.

हे मोजायला शिकवणारं केंद्र या पट्ट्यात एक पुरे आहे. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ. दोन्ही शहरांत फौंड्री क्लस्टर, म्हणजे फौंड्र्यांनी मिळून उभी केलेली सामायिक केंद्रं, आहेत. मधलं अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. पण कोल्हापूरच्या फौंड्रीने बेळगावात चाचणी केली तर तिच्या खर्चाचा परतावा तिला तिच्या राज्याकडून मिळेल का, आणि बेळगावच्या फौंड्रीने तिकडे केली तर? मी दोन्हीकडच्या कार्यालयांत विचारून पाहिलं. एका ठिकाणी साहेब भले होते, म्हणाले, "असा अर्ज आजवर कुणी केलाच नाही." दुसऱ्या ठिकाणी मला तीन टेबलं फिरवली आणि पत्ता बेळगावचा बघून चौथ्या टेबलावर विषय संपवला.

जळक्या वाळूचंही तेच. मोल्डिंगची वाळू वापरून वापरून निकामी होते, ती टाकायची कुठे हा प्रत्येक फौंड्रीचा रोजचा घोर. भाजून, चाळून ती परत वापरता येते. यंत्र महागडं आहे, एकट्या लहान फौंड्रीला झेपत नाही, पण दहा-वीस फौंड्र्यांना मिळून झेपतं. वाळूच्या ट्रकला दूर जाणं परवडत नाही, म्हणून अशी केंद्रं पट्ट्यात ठिकठिकाणी लागतील, आणि एखादं अगदी सरहद्दीवर बसेल. शिनोळीला बसवलं तर मच्छे-उद्यमबागेला जवळ, हलकर्णीलाही जवळ. पण शिनोळीच्या केंद्रात कर्नाटकाचा पैसा कसा घालायचा? कागदावर याला उत्तर नाही. ते उत्तर तयार करण्याचा अधिकार आपल्या दोघांकडे आहे, म्हणून आपल्याला लिहितोय.

आपण दोघं कायम एकत्र बसता असं टेबलच नाही, हीही एक अडचण. महाराष्ट्र पश्चिम विभागीय परिषदेत, कर्नाटक दक्षिण विभागीय परिषदेत. तामिळनाडू आणि कर्नाटक भेटतात, महाराष्ट्र आणि गुजरात भेटतात. आपली भेट व्हायची ती बहुतेक काहीतरी पेटल्यावर. पुराच्या दिवसांत मात्र दोन्हीकडची पाटबंधारे खाती अलमट्टीच्या पाण्यावरून एकमेकांच्या संपर्कात राहतात, 2019 च्या महापुराने ती निकड दाखवून दिली. पाण्यासाठी जी ओळख ठेवली जाते, तीच लोखंडासाठी ठेवायला हवी.

पेटतं तेव्हा काय होतं ते एकदा आमच्या बाजूने ऐका. 2022 च्या डिसेंबरमध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकवर दगडफेक झाली, तिकडे कर्नाटकाच्या बसना काळं फासलं गेलं, एसटी थांबल्या. त्या आठवड्यात माझी नव्वद कास्टिंगं कोल्हापुरातून येत होती. ट्रकवाला सरहद्दीवरच्या कोगनोळी नाक्याआधी एका धाब्यावर थांबला, म्हणाला, "काच फुटली तर कोण देणार?" त्याचं काय चुकलं? दोन रात्री तो तिथे होता. जहाजाची वेळ ठरलेली होती, पेटी चुकली, पुढच्या जहाजाला दहा दिवस गेले आणि उशिराचा दंड माझ्या बिलातून कापला गेला. गिऱ्हाइकाने कारण विचारलं. मेलमध्ये काय लिहावं ते मला सुचेना. शेवटी "वाहतुकीत अडचण" एवढंच लिहिलं. आपल्या घरातली भांडणं परक्याला सांगायची लाज वाटली.

तर मागणी अशी आहे. कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यांच्या आत, एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात नेलेल्या चालू कारखान्याला नवं युनिट म्हणून अनुदान देऊ नका, दोघांनीही. त्यात नवा रोजगार नाही, चौदा माणसं इथली तिथे होतात किंवा घरी बसतात. 2012-13 मध्ये विजेच्या दरावरून कोल्हापूरच्या उद्योजकांनी कर्नाटकात जायची तयारी चालवली होती, आता इकडचे तिकडे जायला बघतायत. लंबक हलतोय, पट्टा तिथेच आहे. तो पैसा वाळूच्या यंत्रांत घाला, कार्बन मोजायच्या केंद्रात घाला, लहान शॉपना क्वालिटी प्रमाणपत्र मिळवून द्यायला घाला. आणि एकमेकांच्या प्रयोगशाळेचा अहवाल व तिचं बिल दोन्ही राज्यांत ग्राह्य धरा. ही शेवटची गोष्ट तर पैशाशिवाय, दोन परिपत्रकांत होण्यासारखी आहे. तणावाच्या दिवसांत मालाच्या ट्रकला पोलीस संरक्षण कुणी द्यायचं हेही आधीच ठरवून ठेवा.

महाराष्ट्राच्या मंत्रिमहोदयांना थोडं वेगळं सांगायचंय. सीमाभागातल्या 865 गावांना आपल्या सरकारने आरोग्य योजना लागू केली. माझ्या ओळखीतल्या एका म्हातारीला तिचा मोठा आधार वाटला. पण त्या गावांतली तरणी पोरं आजारी नाहीत, त्यांना काम हवंय. आमच्याबद्दलची आपुलकी भाषणात कळते, ती उद्योग खात्याच्या एखाद्या शासन निर्णयातही दिसू द्या.

आणि कर्नाटकाच्या मंत्रिमहोदयांना: योजनांची माहिती बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठीतही द्या. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व देशाने राज्य पुनर्रचनेच्या काळातच मान्य केलंय. मी यात भाषेचं राजकारण आणत नाही. वडगावचा यंत्रमागवाला, खानापूरचा कौलं करणारा, जांबोटीकडचा काजूवाला, यांची पोरं कन्नड वाचतात, पण धंदा ज्याच्या नावावर आहे त्या पन्नाशीच्या माणसाला नियमातली कन्नड अवघड जाते. तो एजंट गाठतो. एजंट आपले पैसे घेतो आणि त्याला अर्धंच सांगतो. आफ्रिकेतल्या काजूच्या भावाची खबर ज्याला रोज मोबाईलवर मिळते, त्याला आपल्याच राज्याच्या अनुदानाची शेवटची तारीख निघून गेल्यावर कळते. योजना आपली, खर्च आपला, आणि ती आपल्याच माणसापर्यंत पोचत नाही. मराठीत एक पत्रक काढल्याने कन्नडचं काही उणं होणार नाही, असं कन्नडवर प्रेम करणारा माझा शेजारीही म्हणतो. त्याची फौंड्री माझ्या भिंतीला लागून आहे. हे पत्र त्याने वाचलंय आणि त्यातल्या दोन चुका काढून दिल्यात.

डिसेंबरात बेळगावला कर्नाटकाचं अधिवेशन भरतं. आठ-दहा दिवस सगळं सरकार इथल्या विधानभवनात, सुवर्णसौधात असतं. कोल्हापूरहून तिथे यायला महामार्गाने दोन-अडीच तास लागतात. महाराष्ट्राच्या मंत्रिमहोदयांना बेळगावात येणं अवघड वाटत असेल, किंवा त्यावरून दोन्हीकडे बातम्या होतील अशी काळजी असेल, तर शिनोळीला भेटा. अर्धं गाव बेळगावच्या बाजाराला येतं, कुणाला परकं वाटणार नाही. दोन्ही खात्यांचे सचिव आणा, दोन्ही क्लस्टरची माणसं बोलवा. चपलेच्या मानांकनाच्या वेळी ज्या अधिकाऱ्यांनी कागद जुळवले ते कुठे असतील तिथून त्यांना घेऊन या, त्यांना ही वाट माहीत आहे. मी ती नव्वद कास्टिंगांची फाईल घेऊन येतो. भट्टीला मीटर नसलेला माझा फौंड्रीवालाही येईल, वीस पानांचा फॉर्म घेऊन. अजून त्याने तो भरलेला नाही. गिऱ्हाइकाने मुदत महिनाअखेरीपर्यंत वाढवून दिलीय.

कळावे,
आपला नम्र,
उद्यमबाग, बेळगाव येथील एक जॉबवर्कवाला